शेवाळाच्या अंगावरचे प्लॅस्टिक

शेवाळ हा शब्द कानावर पडला की आपल्या मनात पहिला विचार येतो तो पाय घसरण्याचा. विहिरीची पायरी, तळ्याचा घाट, पावसाळ्यात हिरवी झालेली मागल्या दारची फरशी. "जपून हं, शेवाळ आहे," असे आपण मुलाबाळांना बजावतो आणि शेवाळाशी असलेला आपला संबंध तिथेच संपतो. आज मला तुम्हाला सांगायचे आहे ते या घरगुती शेवाळाच्या समुद्रातल्या मोठ्या भावंडांविषयी. मात्र पायाखालचे ते निसरडेपण मनात राहू द्या. कारण पुढची सगळी हकीकत त्या बुळबुळीत अंगाभोवतीच फिरणार आहे.

पावसाळा सरल्यावर, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मोठी ओहोटी लागलेली असताना मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या कातळी किनाऱ्यावर जाऊन पाहा. पाणी हटलेले असते आणि एरवी बुडालेला खडक उघडा पडलेला असतो. त्या खडकावर कुठे पातळ, हिरवीगार, पतंगाच्या कागदासारखी पाने पसरलेली दिसतील. त्यांचे नाव उल्वा. कुठे मिऱ्याएवढे बारीक फुगे असलेले तपकिरी झुपके दिसतील, ते सरगॅसम. कुठे तांबूस दोऱ्यांचा गुंता दिसेल, तो ग्रॅसिलेरियाचा. हिरवी, तपकिरी आणि तांबडी अशी समुद्रशेवाळाची ही तीन मोठी घराणी. दिसायला ती झाडासारखी असली तरी खऱ्या अर्थाने झाडे नव्हेत. त्यांना मुळे नसतात. खडकाला चिकटून राहण्यासाठी तळाशी एक पकड तेवढी असते, आणि तिचे काम धरून ठेवण्याचे. अन्नपाणी शोषण्याचे नव्हे.

मग हे शेवाळ जेवते कसे? ते सर्वांगाने जेवते. पाण्यात विरघळलेले क्षार, कर्बवायू आणि वरून येणारा सूर्यप्रकाश, सारे काही ते आपल्या कातडीतूनच आत घेते. उल्वाचे पान तर जेमतेम दोन पेशी जाडीचे असते. एक पेशी या बाजूची आणि एक त्या बाजूची! म्हणजे या वनस्पतीचे सारे आयुष्य तिच्या पृष्ठभागावर चाललेले असते. तिची त्वचा हीच तिचे तोंड, तिचे फुप्फुस आणि तिचे स्वयंपाकघरही. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की त्या त्वचेवर एखादी परकी वस्तू येऊन बसली तर काय होईल, याची थोडीफार कल्पना आपली आपणच करू शकतो.

तुम्ही म्हणाल, समुद्रातले शेवाळ जगले काय आणि मेले काय, आपल्याला त्याचे काय? आपण तर ते कधी खाल्लेले नाही. पण थांबा. पुडिंग घट्ट व्हावे म्हणून वाण्याकडून 'चायना ग्रास' आणता ना? ते गवत नव्हेच, ते तांबड्या शेवाळातून काढलेले अगर आहे. रोगजंतूंची परीक्षा करण्यासाठी प्रयोगशाळेतल्या बश्यांतून जो जेलीसारखा थर पसरतात, तोही त्याच अगरचा. कित्येक आइस्क्रिमांना आणि दात घासण्याच्या पेस्टला येणारा गुळगुळीतपणा कॅराजिनानचा असतो, आणि तेही शेवाळातूनच मिळते. शिवाय शेवाळाच्या रानात माशांची पिल्ले लपतात, खेकडे-शंख चरतात. किनाऱ्याजवळच्या कितीतरी जीवांचे ते गायरान आहे. तेव्हा शेवाळाची प्रकृती ही काही केवळ शास्त्रज्ञांच्या काळजीची गोष्ट नाही.

आता या हकीकतीतल्या दुसऱ्या पात्राकडे वळू. ते पात्र म्हणजे प्लॅस्टिक. पण बाटली, पिशवी, बादली या रूपातले नव्हे, तर त्याचा भुगा. 5 मिलिमीटरहून लहान असलेल्या प्लॅस्टिकच्या कणाला 'मायक्रोप्लॅस्टिक' म्हणण्याची रीत आता रूढ झाली आहे. आपण त्याला सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणू. हे नाव सर्वतोमुखी झाले ते इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातील रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांच्या 2004 सालच्या निबंधामुळे. 5 मिलिमीटर म्हणजे साबुदाण्याच्या मोठ्या दाण्याएवढा तुकडा झाला. पण ही वरची मर्यादा. खाली उतरत जाल तसे हे कण खसखशीहून लहान, मग केसाच्या जाडीहून लहान, आणि शेवटी साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे असे होत जातात. एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान झालेल्या कणाला शास्त्रज्ञ नॅनोप्लॅस्टिक म्हणतात.

थॉम्पसन यांनी एक नामी युक्ती केली होती. उत्तर अटलांटिक समुद्रातून जाणाऱ्या जहाजांच्या मागे एक लहानसे यंत्र बांधून ओढत नेण्याची पद्धत 1931 पासून चालू आहे. पाण्यातले तरंगते बारीक जीव त्या यंत्रातल्या रेशमी पट्टीवर अडकतात, आणि अशा पट्ट्या वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या असतात. थॉम्पसन यांनी या जुन्या पट्ट्या काढून पुन्हा तपासल्या. 1960 नंतरच्या दशकातल्या पट्ट्यांतच त्यांना प्लॅस्टिकचे कण सापडले, आणि पुढच्या दशकांत त्यांची संख्या वाढत गेलेली दिसली. या यंत्राच्या जुन्या नोंदीही बोलक्या आहेत. 1957 साली मासेमारीचा दोर त्याच्यात अडकल्याची नोंद आहे, आणि 1965 साली आयर्लंडच्या वायव्येस प्लॅस्टिकची पिशवी अडकल्याची. म्हणजे ज्या काळात प्लॅस्टिक हे नव्या युगाचे लेणे म्हणून आपण कौतुकाने घरात आणत होतो, त्याच काळात ते समुद्रातही जाऊन पोचले होते!

एवढा भुगा येतो कोठून? झाडाचे पान पडले की ते कुजते. बुरशी आणि जंतू त्याचे घटक सोडवतात आणि मातीचे मातीला देऊन टाकतात. प्लॅस्टिकच्या वाट्याला हे कुजणे जवळजवळ नाहीच. उन्हाने ते ठिसूळ होते, लाटा आणि वाळू त्याला दळतात, एकाचे दहा आणि दहाचे हजार तुकडे होतात. पण तुकडा लहान झाला म्हणून तो नाहीसा होत नाही. दळण जात्यातून कितीही बारीक पडले तरी पीठ पायलीभरच राहते, तसेच हे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशोबाप्रमाणे 2015 पर्यंत जगात सुमारे 830 कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले होते. त्यापैकी जेवढ्याचा कचरा झाला, त्यातले शंभरात 9 भाग पुन्हा वापरात आणले गेले, 12 भाग जाळले गेले, आणि उरलेले 79 भाग कचऱ्याच्या ढिगांत किंवा मोकळ्या निसर्गात जाऊन पडले.

काही भुगा तर तुकडे होण्याची वाटसुद्धा पाहत नाही. तो जन्मतःच बारीक असतो. आपण नायलॉन, पॉलिएस्टर, अ‍ॅक्रिलिकचे कपडे धुतो तेव्हा त्यांचे सूक्ष्म तंतू पाण्याबरोबर निघून जातात. प्लिमथच्याच संशोधकांनी 2016 साली केलेल्या मोजणीत असे दिसले की, 6 किलो अ‍ॅक्रिलिकचे कपडे एकदा यंत्रात धुतले तर त्यांतून 7 लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. पटत नसेल तर एक सोपा प्रयोग घरीच करून पाहा. नायलॉनच्या जुन्या, उन्हात वाळलेल्या दोरीचा वीतभर तुकडा घ्या, काळ्या कागदावर धरून दोन बोटांनी चोळा, आणि मग कागदाकडे भिंगातून बघा. जो पांढरा धुरळा दिसेल, तोच आपल्या हकीकतीतला दुसरा पाहुणा.

तर एकीकडे बुळबुळीत अंगाचे, सर्वांगाने जेवणारे शेवाळ, आणि दुसरीकडे पाण्यात तरंगणारा हा न कुजणारा धुरळा. या दोघांची गाठ पडल्यावर काय होते?

पहिली गोष्ट म्हणजे धुरळा चिकटतो. जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या संशोधकांनी 2016 साली हे प्रयोगाने दाखवले. उत्तर युरोपच्या खडकांवर फ्यूकस नावाचे तपकिरी शेवाळ विपुल वाढते. त्याच्या तुकड्यांना त्यांनी सूक्ष्मप्लॅस्टिक घातलेल्या पाण्यात ठेवले. कण शेवाळाच्या पृष्ठभागावर येऊन बसले, आणि पाण्यात जितके कण अधिक तितके शेवाळावरही अधिक, असा सरळ हिशोब निघाला. याचे एक मोठे कारण म्हणजे शेवाळाच्या अंगावरचा चिकट स्राव. ओहोटीच्या वेळी उन्हात कोरडे पडू नये, लाटेने फाटू नये, म्हणून निसर्गाने शेवाळाला हे बुळबुळीत पांघरूण दिलेले आहे. जे पांघरूण लाखो वर्षे त्याचे रक्षण करीत आले, तेच आता माशा धरणाऱ्या कागदासारखे प्लॅस्टिकचे कण धरून ठेवते. तंतूंची गोष्ट याहून वेगळी. ते फांद्यांना आणि केसाळ टोकांना गुंडाळले जातात, बाभळीच्या काट्यांत पतंगाचा मांजा अडकावा तसे.

दुसरी गोष्ट प्रकाशाची आणि हवेची. आपल्या घराच्या खिडकीच्या काचेवर धूळ बसली तर आपण ती पुसतो. शेवाळाला हात नाहीत. अमेरिकेतील संशोधकांनी 2010 साली अगदी बारीक, एकपेशीय शैवालांवर प्रयोग केला होता. त्यांनी वापरलेले प्लॅस्टिकचे मणी एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढे होते. ते पेशींवर जाऊन चिकटले आणि पेशींची प्रकाशसंश्लेषणाची, म्हणजे उजेडावर अन्न शिजवण्याची क्रिया मंदावली. मण्यांच्या थरामुळे प्रकाश अडला असावा आणि कर्बवायू आत जाण्याची वाटही कोंडली असावी, असा त्यांनी कयास बांधला. आता एकपेशीय शैवाल आणि हातभर लांब सरगॅसम यांत फरक आहे, हे खरे. मोठ्या शेवाळाच्या अंगाचा लहानसा भाग झाकला गेला तर ते लगेच उपाशी मरत नाही. पण ज्याची कातडी हीच त्याची चूल, त्याच्या चुलीवर राख टाकण्यासारखाच हा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, म्हणून सावकाश सांगतो. आपण ज्याला प्राणवायू म्हणतो त्याची काही अतिचंचल रूपे पेशीमध्ये तयार होत असतात. लोखंडाला हवेने गंज चढतो, तसा काहीसा गंज ही रूपे पेशीतल्या नाजूक भागांना चढवतात. निरोगी पेशी हा गंज रोज साफ करीत असते. परंतु पेशीला बाहेरून त्रास झाला, की ही चंचल रूपे जास्त तयार होतात आणि साफसफाईवर अधिक शक्ती खर्ची पडते. 2010 च्या त्या प्रयोगात मणी चिकटलेल्या पेशींत नेमके हेच वाढलेले आढळले. घरात आजारपण आले की मिळकतीतला पैसा औषधावर जातो आणि पोराबाळांच्या शिक्षणाला कमी पडतो; तशीच शेवाळाची गत. निगराणीवर खर्च वाढला की वाढीसाठी आणि बीजाणू तयार करण्यासाठी शिल्लक कमी उरते.

चौथी गोष्ट कणाबरोबर येणाऱ्या द्रव्यांची. प्लॅस्टिक लवचिक व्हावे, रंगीत व्हावे, उन्हात टिकावे म्हणून त्यात नाना रसायने मिसळलेली असतात, आणि त्यांतली काही हळूहळू पाण्यात उतरतात. ऑस्ट्रेलियात 2019 साली एक प्रयोग झाला. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पीव्हीसीच्या चटया ज्या पाण्यात भिजवल्या होत्या, त्या पाण्यात प्रोक्लोरोकॉकस नावाचे सूक्ष्म जीव वाढवून पाहिले. समुद्रात उजेडावर अन्न बनवणाऱ्या जीवांमध्ये संख्येने याच्याइतका मोठा दुसरा कोणी नाही. त्या पाण्यात त्याची वाढ खुंटली आणि प्रकाशसंश्लेषण घटले. म्हणजे येथे कण अंगाला चिकटण्याचीसुद्धा गरज पडली नाही. प्लॅस्टिकचा नुसता काढाच बाधला. उलट बाजूनेही एक व्यवहार चालतो. जपानी संशोधकांनी 2001 साली दाखवले की प्लॅस्टिकचे दाणे पाण्यातली काही विषारी द्रव्ये आपल्या अंगावर ओढून घेतात, आणि आसपासच्या पाण्याच्या तुलनेत दाण्यावर त्यांचे प्रमाण एक लाख ते दहा लाख पट होऊ शकते. असा दाणा शेवाळाच्या अंगावर येऊन बसला, म्हणजे पाहुण्याबरोबर त्याचे सामानही घरात आले.

एवढे ऐकल्यावर कोणालाही वाटेल की समुद्रातले शेवाळ आता मरणपंथाला लागले. तसे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे शास्त्राला धरून होणारही नाही. कोणत्याही पदार्थाचे विष होणे न होणे हे त्याच्या मात्रेवर असते, हे सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगून ठेवले आहे. आपल्याकडची म्हण तर त्याहून सुटसुटीत आहे, अति तेथे माती. प्रयोगशाळेतल्या पात्रांत जे कण घालतात, त्यांची संख्या आज समुद्रात सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या संख्येच्या पुष्कळ पट अधिक असते. परिणाम लवकर आणि स्पष्ट दिसावा, हा त्यामागचा हेतू. थोड्या मात्रेच्या प्रयोगांत शेवाळ बहुधा तग धरते. ते चिवट आहे. काही तपकिरी शेवाळे तर सापाने कात टाकावी तशी आपली वरची साल अधूनमधून टाकून देतात आणि तिच्यावर बसलेल्या उपऱ्या जीवांपासून मोकळी होतात.

मग आपण स्वस्थ बसावे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याची तीन कारणे आहेत. एक म्हणजे, प्लॅस्टिक समुद्रात जाते त्या मानाने तिथून परत येत नाही. त्यामुळे आज जी मात्रा थोडी आहे ती उद्या थोडी राहीलच असे नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हे वाईटाच्या बाबतीतही खरे असते. दुसरे, शेवाळ हे गाळणीसारखे काम करते. पाण्यात विखुरलेले कण त्याच्या अंगावर एकत्र जमतात, आणि म्हणून नुसते पाणी तपासून शेवाळावरचा बोजा कळत नाही. आणि तिसरे, शेवाळाला प्लॅस्टिक हा एकच जाच नाही. समुद्राचे पाणी तापते आहे, शहरांचे सांडपाणी किनाऱ्यावर येते आहे. आधीच तापाने फणफणलेल्या माणसाला साधा खोकलाही जड जातो.

शिवाय शेवाळ आपल्यावरचा बोजा स्वतःपाशी ठेवून घेत नाही. त्या जर्मन प्रयोगाचा पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. प्लॅस्टिक चिकटलेले फ्यूकस आणि स्वच्छ फ्यूकस, असे दोन्ही त्यांनी किनाऱ्यावरच्या शंखातल्या गोगलगाईंपुढे ठेवले. गोगलगाईंनी काही भेद केला नाही. दोन्ही सारख्याच चवीने खाल्ले. कण त्यांच्या जठरात आणि आतड्यात गेले आणि विष्ठेतून बाहेरही पडले. शरीराच्या आतल्या पाचकग्रंथीत ते साठलेले आढळले नाहीत, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. परंतु एरवी जो शंख पाण्यातले कण कधी गिळता ना, त्याच्या पोटात ते शेवाळाच्या पानावरून पोचले. ताट स्वच्छ आहे की नाही हे जेवणाऱ्याला कळेनासे झाले, यात काय समजायचे ते समजा.

माणसाच्या ताटाचे काय? डेन्मार्कमध्ये 2018 साली त्याच फ्यूकसवर एक प्रयोग झाला. तिकडे ते खाद्य म्हणूनही वापरतात. कण जास्त करून कापलेल्या जागी चिकटलेले दिसले, कारण कापल्यावर तिथून चिकट रस बाहेर येतो. मात्र ते शेवाळ धुतले तेव्हा 94.5 टक्के कण निघून गेले. म्हणजे खाण्याचे शेवाळ भरपूर पाण्याने खळखळून धुवावे, ही गृहिणींची जुनी शिस्त शास्त्राच्या कसोटीलाही उतरली. समुद्रातल्या शेवाळाला मात्र असे कोण धुणार? लाटा काही कण काढून नेतात, आणि लाटाच नवे आणून बसवतात.

आता थोडे आपल्या घराकडे येऊ, कारण ही गोष्ट केवळ युरोपच्या किनाऱ्याची नाही. तमिळनाडूत मंडपम-रामेश्वरमच्या परिसरात कॅपाफायकस नावाच्या तांबड्या शेवाळाची लागवड होते, आणि त्या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. बांबूचा तराफा करायचा, त्यावर दोर ताणायचे, दोरांना शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि तराफा उथळ समुद्रात सोडून द्यायचा. साधारण 45 दिवसांत पीक हाताशी येते. खत नको, गोडे पाणी नको, जमीन नको. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा लागवडीला उत्तेजन मिळाले, आणि 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तमिळनाडूत बहुउद्देशीय शेवाळ उद्यान उभारण्याचे जाहीर झाले. किनाऱ्यावरच्या गरीब कुटुंबाच्या हातात चार पैसे पडतील असा हा धंदा आहे, आणि तो वाढावा असेच कोणालाही वाटेल.

पण तो दोर कशाचा असतो? प्लॅस्टिकचा! पूर्वी आपल्या कोळ्यांची जाळी सुताची असत आणि दोर काथ्याचे. ते लवकर कुजत, म्हणून नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन आले आणि त्यांनी कोळ्यांचे कष्ट खरोखर वाचवले. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र प्लिमथच्या संशोधकांनी दोर ओढून केलेली मोजणी ध्यानात घेण्यासारखी आहे. नवा दोर ओढला तर मीटरमागे सुमारे 20 कण सुटतात. अनेक वर्षे वापरून झिजलेल्या दोरातून मीटरमागे 700 हून अधिक. म्हणजे खरा दोष नुसत्या दोराचा नव्हे, तो जुना झाल्यावरही वापरत राहण्याचा आहे. शेवाळाच्या शेतात असा झिजका दोर असेल, तर पिकावर धुरळा उडवणारे यंत्र आपण पिकाच्या मधोमधच बसवले असे होईल. बाहेरून येणारा धुरळा वेगळाच.

तो बाहेरचा धुरळाही दूर राहिलेला नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केरी, कळंगुट, कोलवा अशा पुळणींवर कारखान्यातल्या कच्च्या प्लॅस्टिकचे दाणे वेचून 2016 साली त्याचे वृत्त प्रसिद्ध केले. हे दाणे जहाजांतून देशोदेशी जातात. 25 मे 2025 रोजी कोचीजवळच्या समुद्रात एल्सा 3 हे मालवाहू जहाज बुडाले, तेव्हा असे दाणे थेट तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यापर्यंत वाहत आले आणि माणसे ते चाळणीने गाळून काढीत होती. जे वाळूतून गाळून काढता येते ते निदान दिसते तरी. कातळावरच्या शेवाळात जे अडकले ते कोण वेचणार?

मग उपाय काय, असे तुम्ही विचाराल. कायदे झाले आहेत. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकबंदी आली, आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकण्याच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर साऱ्या देशात बंदी आहे. पण कायद्याचा हात पिशवीपर्यंत पोचतो. धुरळ्यापर्यंत तो पोचत नाही. धुरळा थांबवायचा तो धुरळा होण्याच्या आधीच, मोठा तुकडा असताना. म्हणून ज्यांचा समुद्राशी रोजचा व्यवहार आहे त्यांनी दोराचे केस उभे राहू लागले की तो बदलावा, आणि जाळ्याचे फाटके तुकडे खाडीत न टाकता किनाऱ्यावर परत आणावेत. मात्र याचा भुर्दंड एकट्या कोळ्याने किंवा शेवाळ लावणाऱ्या बाईने का सोसावा? जुना दोर घेऊन नवा देण्याची सोय लागवडीच्या योजनेतच असली पाहिजे. जी योजना तराफ्याला पैसे देते, तिला दोर बदलण्याचाही खर्च जड होऊ नये. शेवाळाचे शेत कोठे करायचे हे ठरवताना नाल्याचे मुख आणि बंदराचा धक्का टाळावा, हेही तितकेच महत्त्वाचे.

आणि आपण जे समुद्रापासून शंभर-दोनशे मैल दूर राहतो, त्यांचे काय? देशावरचे ओढे-नाले शेवटी कोणत्या ना कोणत्या समुद्रालाच मिळतात. पुण्याच्या मुळा-मुठेत टाकलेली पिशवी भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जायला मोकळी असते. कृत्रिम धाग्याचे कपडे गरज नसताना धुऊ नयेत, पाण्याच्या बाटल्यांऐवजी तांब्या-भांड्याची लाज वाटू देऊ नये, आणि कचरा जाळून किंवा ओढ्यात ढकलून तो संपला असे मानू नये. या गोष्टी लहान आहेत, हे मला मान्य आहे; पण ज्या संकटाचे अंगच मुळी खसखशीहून लहान, त्याच्यावरचे निम्मे उपाय लहानच असणार.

जाता जाता एक आशेची गोष्ट सांगतो. 2019 साली लंडनच्या मॅरेथॉन शर्यतीत धावणाऱ्यांना वाटेवर पेय दिले गेले ते काही ठिकाणी प्लॅस्टिकच्या बाटलीतून नव्हे, तर शेवाळातल्या द्रव्यापासून बनवलेल्या पातळ कुपीतून. कुपी तोंडात टाकायची, पेय प्यायचे आणि हवे तर वेष्टनही गिळून टाकायचे. ज्या चिकट अंगामुळे शेवाळ आज प्लॅस्टिकचे ओझे वाहते आहे, त्याच जातीच्या रसातून प्लॅस्टिकला पर्याय घडतो आहे. पण हा पर्याय हातात यायचा तर आधी ते शेवाळ धडधाकट राहायला हवे.

म्हणून पुढल्या खेपेला कोकणच्या कातळावरून मुलांचा हात धरून चालाल, तेव्हा नेहमीप्रमाणे म्हणा, "जपून हं, शेवाळ आहे." फक्त या वेळी ते दोन्ही अर्थांनी म्हणा. आपला पाय जपायचा, आणि पायाखालचे शेवाळही.